खाडा कोण भरणार?

मैदानाच्या कडेला : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पोस्टानं आणि व्हॉट्सॲपवर मिळून एकवीस पत्रं आली. निम्मी गुडघेदुखीची. गुडघ्यांचं पुढच्या अंकात एकदमच बघू. या वेळी एका आजींच्या पत्रानं सगळी जागा खाल्ली आहे, आणि त्याला कारण मीच. त्या खेळाचं नाव वाचलं आणि मला राहवलं नाही.

प्रश्न : सर, सा. न. वि. वि. मी सोलापुरात साखर पेठेत राहते, वय ७१. माझा मुलगा इंजिनिअर आहे. सोळा वर्षं झाली, इंग्लंडात हडर्सफील्ड नावाच्या गावी राहतो. नातू १८ वर्षांचा. तो रग्बी लीग खेळतो. कुस्ती आणि पळापळ एकत्र केल्यासारखा खेळ आहे. पहिल्यांदा मोबाईलवर दाखवला तेव्हा मी डोळ्यांवर पदर घेतला होता. तीन वर्षं तो तिथल्या एका मोठ्या क्लबच्या ॲकॅडमीत होता. आता ॲकॅडमीचं वय संपलं. क्लब म्हणतो, अजून एक वर्ष राखीव संघात थांब, मग बघू. तेवढ्यात कम्ब्रिया म्हणून समुद्राकडचा भाग आहे, तिथल्या एका लहान क्लबनं त्याला बोलावलंय. करार एका वर्षाचा, पैसे खेळेल तेवढ्या सामन्यांचे, आणि दिवसा एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकायचं. घरापासून गाडीनं तीन तास. एकटा राहणार. नातवाला जायचंय. माझा मुलगा म्हणतो, इंजिनिअरच्या पोरानं वायरमन व्हायचं का? बाप-लेकाचं आठवडाभर बोलणं नाही, सून मधल्या मध्ये. परवा नातू फोनवर म्हणाला, "आजी, तू सांग, जाऊ की नको?" मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगते. तुम्ही खेळातले आहात. मी काय सांगू? त्याची जागा नऊ नंबरची आहे म्हणे, ते काय असतं तेही सांगा. नाव छापू नका, मुलगा तुमचा अंक ऑनलाइन वाचतो.
— एक आजी, साखर पेठ

उत्तर : आजी, नमस्कार. मी तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, त्यामुळे थोडं सांभाळून लिहितो.

आधी तो नऊ नंबर. रग्बी लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू आणि खेळ ८० मिनिटांचा. आपल्या कबड्डीत चढाईवाला धरला की बाद. इथं चेंडू घेऊन पळणारा धरला, आडवा पाडला, तरी बाद नाही. त्यानं उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागं सारायचा. असं पाच वेळा. सहाव्यांदा धरलं की चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. आता तो मागं सारलेला चेंडू दर वेळी उचलायचा कोणी, आणि डावीकडं द्यायचा, उजवीकडं द्यायचा की स्वतःच घुसायचं, हे क्षणात ठरवायचं कोणी? बहुतेक वेळा नऊ नंबरनं. शिवाय मैदानाच्या मध्यात उभा असल्यामुळे समोरचे दांडगे गडी धरायचं कामही त्याच्याकडंच जास्त. एका सामन्यात चाळीस पकडी म्हणजे त्या जागेवर काही नवल नाही. मी कबड्डीत उजव्या कोपऱ्यात खेळायचो. एका सामन्यात माझ्या दहा पकडी झाल्या असत्या तर मंडळानं गल्लीत जिलेबी वाटली असती.

हे एवढं सांगायचं कारण आहे. मोठ्या संघाच्या सामन्याच्या यादीत १७ जण असतात, १३ मैदानात आणि चार बदली. त्यात नऊ नंबर एक, फार तर बाकावर दुसरा. म्हणजे तुमच्या नातवाच्या पुढं क्लबात दोन नऊ नंबर असतील, एक २४ वर्षांचा आणि एक २७ चा, तर तो तिसरा. तो कितीही चांगला असला तरी तिसराच. ही जागा अशी की सराव करून येत नाही, सामन्यातच येते. चेंडू उचलायच्या आधी समोरची फळी कुठं सैल पडली आहे ते दिसायला लागतं, आणि ते दिसायला लागण्यासाठी शे-दीडशे सामने अंगावर यावे लागतात. राखीव संघात वर्षाला मोजकेच मिळतात. तेव्हा नातवाला पहिला प्रश्न हा विचारा : तुझ्या पुढं किती नऊ नंबर आहेत आणि त्यांची वयं काय? आणि लगेच दुसरा : त्या लहान क्लबात किती आहेत? तिथला नऊ नंबर ३४ वर्षांचा असून वर्षभरात बूट टांगणार असेल, तर पोराचं गणित बरोबर आहे. तिथंही दोघं असतील तर तीन तास लांब जाऊन तो बाकावरच बसणार, फक्त थंडी जास्त.

आता मला राहवलं नाही ती गोष्ट. हडर्सफील्ड वाचून मी खुर्चीतून उठलोच. तुमचा नातू राहतो त्याच गावात, जॉर्ज हॉटेलात, २९ ऑगस्ट १८९५ ला या खेळाचं मूळ पडलं. उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी त्या दिवशी जुन्या रग्बी संघटनेतून अंग काढून घेतलं. भांडण कशावरून? खाड्यावरून. तिकडचे खेळाडू कापडगिरण्यांतले, कोळशाच्या खाणींतले. शनिवारी अर्धा दिवस काम आणि सामनाही शनिवारीच. लांबच्या गावी जायचं तर पाळी बुडणार, पाळी बुडाली की मजुरी बुडणार. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. लंडनकडच्या साहेबलोकांना ते पटेना. खेळासाठी पैसे घेणं म्हणजे खेळ बाटवणं, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या पोटाला गिरणीचा भोंगा कुठं होता! १८९३ च्या सभेत मतं पडली २८२ विरुद्ध १३६, खाडेवाले हरले. दोन वर्षांनी ते वेगळे झाले आणि खाड्याचा दर ठरवून टाकला, दिवसाला सहा शिलिंग. पुढं १८९८ मध्ये खेळाचे उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे. पंधराचे तेरा खेळाडू झाले ते त्याच्याही नंतर, १९०६ मध्ये.

तुमच्या चिरंजीवांना हे वाचून दाखवा. दिवसा वायरमन आणि संध्याकाळी खेळाडू, ही त्या खेळाची मूळ रीत आहे. आजही तिथल्या खालच्या विभागांत कितीतरी खेळाडू सकाळी गवंडीकाम, प्लंबिंग, शाळेत शिकवणं असं काहीतरी करतात आणि रात्री दिव्याखाली सरावाला जातात.

खाडा म्हणजे काय हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पगाराच्या दिवशी पाकीट घरी आलं की आई आधी खाड्यांचा आकडा बघायची, मग रक्कम. मी कबड्डीच्या स्पर्धेला बार्शीला, पंढरपूरला जायचो. वडील कधी बघायला आले नाहीत. मला वाटायचं, यांना खेळाचा राग आहे. फार उशिरा कळलं की सामना बघायला यायचं म्हणजे एक खाडा.

आणि आता माझंच सांगतो, म्हणजे तुमच्या नातवाला नुसता म्हातारा बोलतोय असं वाटायला नको. १९८१ साल. मी १९ वर्षांचा. आमचं मंडळ म्हणजे तालमीमागचं मातीचं अंगण, एक शंभरचा बल्ब आणि वस्ताद अप्पा. एका स्पर्धेत मुंबईच्या एका गिरणीच्या संघाच्या माणसानं मला बघितलं. म्हणाला, "ये मुंबईला, कामाला लावतो, संघात घेतो." हातावर गाडीभाडं ठेवलं. मी पत्र्याची पेटी घेतली आणि रात्रीच्या गाडीनं गेलो. चार दिवसांवर बार्शीची स्पर्धा होती. अप्पांना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. मित्राकरवी निरोप पाठवला, ताप आलाय. मंडळ उजव्या कोपऱ्यात एका दहावीच्या पोराला घेऊन खेळलं आणि पहिल्याच फेरीत हरलं.

मुंबईत मला बदली कार्ड मिळालं. म्हणजे कायम कामगार खाडा करेल त्या दिवशी आपल्याला काम. बघा, दुसऱ्याच्या खाड्यावर माझं पोट. डिलाईल रोडला एका खोलीत आम्ही वीस-बावीस जण, पाळीपाळीनं झोपायचो. चार सामने खेळलो, छान खेळलो. पाचव्यात एकाचा पट काढायला वाकलो आणि आमचाच गडी माझ्या गुडघ्यावर पडला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. दुसऱ्या दिवशी लंगडत टाइमकीपरकडं गेलो. तो मान वर न करता म्हणाला, "बदलीवाल्याला कसली रजा? मस्टरवर नाव आहे का तुझं?" नव्हतंच. मला आणणारा माणूस हळहळला, स्वतःच्या खिशातून वीस रुपये दिले. त्याच्या हातात तेवढंच होतं. कागदावर काही नव्हतं. आणि मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी ज्या संघासाठी गाव सोडलं, तो संघच काय, त्याची गिरणीच बंद. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून मी सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा अजून उठली नव्हती. होम मैदानावर पाळणे फिरत होते आणि मी तोंड चुकवत घरी चाललो होतो.

अप्पा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज संध्याकाळी जाऊन तालमीच्या कट्ट्यावर बसायचो, ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. एकदा उन्हाळ्यात, जिल्ह्याच्या स्पर्धेआधी, ते माझ्यासमोर येऊन थांबले. "काय करलालास बे हितं बसून?" मी म्हटलं, काही नाही. "पाय मोडलाय. हात मोडलेत का? फक्की मार." आणि चुन्याची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. मधली रेष वाकडी आली. त्यांनी पायानं पुसली. दुसऱ्यांदाही वाकडी आली, तीही पुसली. तिसऱ्यांदा मी सुतळी ताणून मारली. ते काही बोलले नाहीत, पण पोरांना म्हणाले, "चला, मैदान तयार आहे." माझ्या नावानं ओरडले नाहीत, एवढंच.

गुडघा पुढं पूर्ण बरा झाला नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि शाळेत लागलो. पण मी मुंबईला गेलो ते चुकलं, असं मला आजही वाटत नाही. आज १९ चा असतो तर पुन्हा जाईन. कागद न बघता गेलो हे चुकलं, आणि अप्पांना तापाचं खोटं सांगून गेलो हे त्याहून चुकलं.

तुमच्या नातवाच्या खेळातही गिरण्या बंद पडतात, म्हणून हे एवढं लांबण लावलं. कॅनडातल्या टोरंटोचा एक नवाकोरा क्लब २०१७ मध्ये इंग्लंडच्या स्पर्धेत सगळ्यात खालून शिरला. तीन वर्षांत वरच्या सुपर लीगमध्ये पोचला. सनी बिल विल्यम्ससारखा जगभर गाजलेला खेळाडू घेतला. २०२० च्या जुलैमध्ये, करोनात, अर्ध्या हंगामातच त्यांनी माघार घेतली आणि खेळाडूंचे पगार अडकले. नवीन क्लब म्हणून तसं झालं म्हणावं, तर ब्रॅडफर्ड घ्या. १९९७, २००१, २००३, २००५ असे चार वेळा अजिंक्य. तो जुना नावाजलेला क्लब २०१७ च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाला. त्याच नावानं नवा संघ उभा राहिला, पण त्या मोसमाची सुरुवात उणे १२ गुणांनी. तेव्हा मोठं नाव म्हणजे सुरक्षित आणि लहान म्हणजे धोक्याचा, हे तुमच्या चिरंजीवांनी डोक्यातून काढावं.

उलटी बाजूही आहे. ल्यूक गेल नावाचा खेळाडू लीड्सच्या ॲकॅडमीतला. तिथं वर जागा झाली नाही, तेव्हा तो खालच्या विभागातल्या डॉनकास्टरला गेला. मग लंडन, मग ब्रॅडफर्ड, मग कॅसलफर्ड. २०१७ मध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'मॅन ऑफ स्टील' तोच ठरला. त्याच वर्षीच्या उपांत्य सामन्यात त्यानं शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि जादा वेळेत एका गुणाचा ड्रॉप गोल मारून २३-२२ असा सामना काढला. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. (हे शेवटचं वाक्य नातवाला वाचून दाखवू नका. पोरं नको तेच उचलतात.) खालून वर येता येतं, यासाठी त्याचं नाव सांगितलं. सगळेच येतात असं मी म्हणणार नाही. डॉनकास्टरला गेलेल्या आणि तिथंच राहिलेल्या पोरांची नावं मला ठाऊक नाहीत आणि तुम्हालाही कुणी सांगणार नाही.

एक मधली वाट आहे, ती आधी तपासायला सांगा. तिथं मोठा क्लब आपला पोरगा लहान क्लबाला उसना देऊ शकतो. शिवाय २०१३ पासून दुहेरी नोंदणीची सोय आहे. खेळाडू मोठ्या क्लबाचा राहतो आणि त्यांच्याशी जोडलेल्या खालच्या क्लबाकडूनही सामने खेळतो. म्हणजे घर न सोडता शेजारी जेवायला जायचं. नातवानं ॲकॅडमीच्या प्रशिक्षकाला समोर बसून विचारलंय का, की मला राखीव संघात ठेवण्यापेक्षा वर्षभर उसना द्याल का? ते हो म्हणाले तर प्रश्नच मिटला. नाही म्हणाले, तर ते त्याला कितपत मोजतात तेही कळलं. दोन्हीकडून उपयोगच.

तेही जमलं नाही तर मग कागद. "खेळेल तेवढ्या सामन्यांचे पैसे" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझा डोळा तिथंच अडला. खेळला नाही तर? चाळीस पकडी करणारा पोरगा वर्षात एकदा तरी जायबंदी होणार. दवाखान्याचं तिथलं सरकार बघेल, मजुरीचं कोण बघणार? खांदा निखळला तर पोरगा शिडीवर चढून वायरही ओढू शकणार नाही, म्हणजे एका पकडीत दोन्ही पगार बंद. क्लब दुखापतीच्या काळात काही देतो का, किती आठवडे देतो, विमा कोणाचा, हे करारात लिहिलेलं हवं. आणि त्या इलेक्ट्रिशियनकडचं काम म्हणजे रीतसर शिकाऊ उमेदवारी आहे, शेवटी परवान्याला चालणारं प्रमाणपत्र मिळणार आहे, की क्लबच्या कुणा ओळखीच्याकडं पिशवी उचलायची आहे? क्लब सोडला तरी ती उमेदवारी चालू राहील का? करारावर सही करायच्या आधी ती कागदपत्रं बापानं वाचावीत. तो इंजिनिअर आहे, बारीक अक्षरं वाचायची त्याला सवय असणार. बाप-लेकांना बोलायला निमित्तही होईल. आणि वायरमनचं म्हणाल, तर माझ्या घरी पंखा बिघडला की वायरमन तीन दिवस फोन उचलत नाही. एवढी मागणी मला आयुष्यात कधी आली नाही.

डोक्याचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. या खेळात डोकी आपटतात. मोठ्या क्लबात डॉक्टर लगेच बाजूला घेतात, तपासतात, ठरावीक दिवस खेळू देत नाहीत. नियम सगळ्यांना आहेत, पण लहान क्लबात माणसं कमी आणि पोरगा नवा, जागा जाईल म्हणून तो स्वतःच लपवेल. त्याला शपथ घालायची तर जायचं की नाही याची घालू नका, याची घाला. भोवळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्या क्षणी सांगायचं.

आता, तुम्ही काय सांगायचं? जा म्हणू नका आणि नको म्हणू नका. तुम्ही जा म्हटलंत आणि खांदा मोडला, तर तुमचा मुलगा तुम्हाला बोल लावेल. नको म्हटलंत, तर नातू तीस वर्षांचा झाला तरी त्याच्या मनात ती सल राहील. आठ दिवस झाले की फोन करा आणि सोलापुरी आजीला शोभेल असं एकच विचारा : "बाळा, तुझा खाडा कोण भरणार?" खाडा म्हणजे काय ते त्याला कळणार नाही. मग सांगा. त्याच्या गावातल्या त्या जॉर्ज हॉटेलाचं सांगा, तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल तर त्यांचं सांगा. आणि जायचं ठरलं, तर जायच्या आधी ॲकॅडमीच्या प्रशिक्षकाला भेटून, हात मिळवून निघ म्हणावं. त्याला फोनवर मेसेज टाकून जाऊ नको म्हणावं. माझ्यासारखं नको.

शेंगाचटणी पाठवणार असालच. डबा जरा मोठा पाठवा, कम्ब्रियात एकट्यानं राहायचंय.

प्रश्न : सर, मी मोहोळ तालुक्यातला, वय १७, चढाईपटू. आमच्या गावात जुनं मंडळ आहे, त्यात साधी मॅट नाही, मातीत खेळतो. यंदा एका पुढाऱ्यानं नवीन मंडळ काढलंय. बूट, ट्रॅकसूट आणि प्रत्येक स्पर्धेला ३००० रुपये देतो म्हणतात. जाऊ का?
— एक खेळाडू

उत्तर : बाळा, निवडणूक कधी आहे तुमच्याकडं? तारीख सांग, मग त्या मंडळाचं आयुष्य मी सांगतो.

थट्टा सोड. बूट आणि ट्रॅकसूट घ्यायला माझी ना नाही, आमच्या वेळी बनियनवर खेळायचो आणि त्यात काही मोठेपणा नव्हता. पण दोन गोष्टी विचार. एक, निकाल लागल्यावर पावसाळ्यात सराव कुठं होणार आणि शिकवणार कोण? नाव सांगायला लाव. "बघू" म्हणाले तर समज. दुसरं, या हंगामात जुन्या मंडळाकडून तुझं नाव लागलंय का, हे जिल्हा संघटनेत जाऊन स्वतः विचार. दोन्हीकडं नाव लावायच्या भानगडीत पडलास तर बूट नवे आणि खेळ बंद. मॅटचं म्हणशील तर तो मुद्दा खरा आहे. पुढं मोठ्या स्पर्धा मॅटवरच आहेत, पाय मातीत जसा रुततो तसा तिथं रुतत नाही, वळताना गुडघा आणि घोटा फसतो. आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाऊन मॅटवर सराव मिळाला तरी पुष्कळ. त्यासाठी मंडळ बदलायलाच हवं असं नाही.

आणि गेलास, तर जुन्या मंडळाच्या म्हाताऱ्याला सांगून जा. वरचं पत्र वाचलंसच.

प्रश्न : सर, तुम्ही दर महिन्याला अप्पांच्या मंडळाच्या गोष्टी सांगता, पण मंडळाचं नाव कधीच सांगत नाही. का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : सांगितलं तर शहरातली बाकीची मंडळं हा अंक घ्यायचा बंद करतील. संपादकांनी ताकीद दिली आहे.